पैलवानाचं पाणी

आमच्या सोप्यात पैलवान राहायला आला आणि घराला वास सुटला. पैलवान म्हणजे मासा. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तो मुंबईहून दुधाच्या किटलीत घालून, रात्रभर एसटीत मांडीवर धरून आणला होता. काळा, अंगावर शेंदरी डाग, ओठ जाड, आणि तेव्हाच माझ्या तळहाताएवढा. दुकानदारानं त्याचं इंग्रजी नाव सांगितलं होतं, पण आमच्या गल्लीत अंगानं थोराड असलेल्या कुणालाही एकच नाव पडतं, तेच त्यालाही पडलं. आप्पांचा शिरोलीला लहानसा ओतकामाचा कारखाना होता. मुंबईच्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाच्या ऑफिसात त्यांनी काचेची टाकी बघितली होती आणि तेव्हापासून, घरात काच, पाणी आणि मासा असल्याशिवाय माणूस कारखानदार दिसत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. टाकीचा सांगाडा त्यांनी कारखान्यातच लोखंडी अँगल जोडून करून घेतला. त्यावर म्हैस उभी राहिली असती. काचा लांबीनं बसवल्या होत्या. खिडकीच्या काचा बसवायला वापरतात ती, मळलेल्या कणकेसारखी लांबी. बाहेरून सगळ्याला हिरवा ऑइलपेंट. माणूस दारातून आत आला की आधी पैलवानाचं तोंड दिसायचं, मग आप्पांचं.

पैलवानाला खुराक होता. बुधवारी आणि रविवारी आमच्याकडे मटण असायचं. सकाळपासून कांदा-खोबरं भाजल्याचा वास, पाट्यावर वाटणाचा घरर् घरर् आवाज, एका पातेल्यात तांबडा, एकात पांढरा, आणि आई मधूनच ओरडायची, “काळीज बाजूला काढलास काय गं? न्हाईतर तुझा बा मला चिरंल.” ते काळीज पैलवानाचं. आप्पा स्वतः त्याचे तुकडे करत आणि जेवायला बसण्याआधी एकेक पाण्यात सोडत. मासा झडप घालून तो तोंडात घ्यायचा, चावायचा, बाहेर थुंकायचा, परत घ्यायचा. त्या थुंकण्यातून काळजाच्या तपकिरी दशा पाण्यात तरंगत खाली जात आणि तळाच्या खड्यांत बसत. वर चरबीचा तवंग. दोन दिवसांत पाणी ताकासारखं व्हायचं, चौथ्या दिवशी काचेला आतून बुळबुळीत साय धरायची, आणि मग तो वास. मोरी तुंबल्यावर येतो तसा, पण त्यात काहीतरी गोडसर. पाव्हणे सोप्यात बसून रस्सा भुरकत म्हणायचे, “आप्पा, जनावर झ्याक हाय की!” आणि आप्पा म्हणायचे, “खुराक बगा की त्याचा.” वासाबद्दल कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरचं मटण नावाजलेलं होतं. मला आजही खोबरं भाजल्याचा वास आला की त्याच्या मागून तो दुसरा येतो. दातांच्या डॉक्टरकडे वेटिंगरूममध्ये हल्ली माशांची टाकी असते, स्वच्छ, आत दिवा, पंप गुरगुरतोय. मी खुर्ची फिरवून बसते.

टाकी उचलून ओतणं शक्य नव्हतं, म्हणून पाणी नळीनं काढायचं. एक रबरी नळी होती, तांबूस, खिळ्याला टांगलेली. तिचं एक टोक टाकीत बुडवायचं, दुसरं तोंडात धरायचं आणि ओढायचं. पाणी नळीत चढलं की चटकन तोंडातून काढून टोक बादलीत सोडायचं. मग ते आपसूक वाहतं. चटकन हा शब्द लिहायला सोपा आहे. नळी जाड रबराची होती, आत पाणी कुठवर आलंय ते दिसायचं नाही, आणि कितीही सांभाळलं तरी शेवटी एक घोट तोंडात यायचाच. कोमट, तेलकट, जिभेला चिकटणारा. कधी त्यात काळजाची दशा असायची. मी मोरीत जाऊन थुंकायची, मीठ लावून दात घासायची, तोंडात लवंग धरायची. दिवसभर ढेकर आला की तीच चव. पैलवान आल्यापासून वैनी येईपर्यंत हे काम माझं होतं. का माझं, असं मी विचारलं नाही. दादा कारखान्यात जायचा, आईचे दात हलत होते, आणि आप्पा तर आप्पाच.

वैनी गगनबावड्याकडची. त्यांच्या घरात माळ होती. वडील माळकरी, तिच्याही गळ्यात तुळशीची माळ. सोयरीक जमतानाच तिच्या वडिलांनी हात जोडून सांगितलं होतं, पोरगी रांधून घालंल, पर खायाचा आग्रेव करू नगासा. आप्पा मोठ्या मनानं म्हणाले, “आमच्यात कुणावर जबरदस्ती न्हाई, पावणं. तिची भाजी-भाकरी तिला.” आणि ते खरंही होतं. तिला कुणी मटण खा म्हणालं नाही. ती नाकाला पदर न लावता रस्सा उकळायची, मीठ न चाखता अंदाजानं घालायची आणि ते बरोबर पडायचं. आई कौतुकानं शेजारणीला सांगायची, “चव न घेता करती, आनि मी चाखून करतो तरी चुकतो.” (आमच्याकडे बायकाही ‘मी करतो, मी जातो’ असंच बोलतात. मी शहर सोडल्यावर ते सोडलं.)

हळद उतरली नव्हती तेव्हाची गोष्ट. पाणी बदलायचा दिवस आला. मी खिळ्यावरची नळी काढली, तेवढ्यात आई म्हणाली, “दे तिच्याकडं. आता ही करंल. तू अभ्यासाला बस.” मला काय वाटलं ते आता लपवत नाही: मला सुटल्यासारखं झालं. मी वैनीला कसं ओढायचं ते दाखवलं, म्हणजे तोंडानं नुसतं सांगितलं. तिनं नळीचं टोक हातात धरून विचारलं, “वन्सं, ह्यात काय असतंय?”

“पाणीच की,” मी म्हणाले.

तिनं ओढलं. तोंडात आलं तेव्हा ती दचकली, पण नळी सोडली नाही. आधी टोक बादलीत घातलं आणि मग परसात पळाली. परत आली तेव्हा गळ्यातली माळ तिनं ओल्या हातानं पुसलेली होती. मी पुस्तक उघडून बसले होते.

मग तिला दिवस गेले. उलट्या व्हायच्याच, पण पाण्याच्या दिवशी ती नळीला तोंड लावायच्या आधीच कोरडे उमाळे काढायची. आई म्हणायची, “डोहाळं हाईत. हुतंय. आमी संसारात काय काय तोंडात घेतलंय ते इचारू नगा.” एकदा दादा सुट्टीच्या दिवशी घरी होता. त्यानं तिला मोरीपाशी उकिडवी बसलेली, कपाळ भिंतीला टेकलेली बघितलं. आमच्या घरात नवऱ्यानं बायकोची बाजू सगळ्यांदेखत घ्यायची पद्धत नव्हती. त्यामुळं तो तिच्याबद्दल काहीच बोलला नाही. टाकीपुढं उभा राहून म्हणाला, “आप्पा, हिला खालनं भोक पाडूया. कॉक बसवू, तिथनं पायप परसात. तोटी फिरवली की पानी भाईर.”

“काचंला भोक?” आप्पा म्हणाले. “काच हाय का भाकरी?”

“पडतंय. काचवाल्याला इचारून आलोय.”

पैलवानाच्या टाकीला नळ असणार, अशी टाकी आख्ख्या कोल्हापुरात कुणाकडं नसणार, हे आप्पांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी परवानगी दिली.

आप्पांचा एक शब्द इथं सांगायला हवा. नट आवळताना एक फेरा होतो त्याला कारखान्यात ‘आटा’ म्हणतात. फिटरनं नट कितीही घट्ट बसवलेला असो, आप्पा स्वतःचा पान्हा लावून म्हणत, “एक आटा अजून.” त्यांच्या मते सगळ्या मशिनी फिटरच्या आळसानं गळतात. हा शब्द घरातही आला होता. जेवताना भाकरी वाढताना, “एक आटा अजून!” माझ्या परीक्षेच्या वेळी, “एक आटा अजून मार, पयला नंबर येतोय.” आम्ही हसायचो. आमच्या घराचं ते बोधवाक्यच होतं.

भोक पाडायचा दिवस सुट्टीचा होता. सकाळीच वैनीनं टाकी रिकामी केली, शेवटची वेळ म्हणून हसत हसत ओढलं. अर्धं पाणी बादल्यांत ठेवलं, कारण आप्पांचं म्हणणं, पैलवानाला जुनंच पाणी मानवतं. पैलवान टबात. टाकी चौघांनी उचलून वाकळेवर आडवी केली, मागची काच वर आली. दादानं तांब्याच्या नळीचा तुकडा आणला होता, तोंडाला कानशीनं बारीक खाचा पाडलेला. तो हातड्रिलमध्ये बसवला. काचेवर जिथं भोक पाहिजे तिथं त्यानं लांबीचं गोल कडं केलं, झाडाला आळं करतात तसं, त्यात काच झिजवणारी कुरुंदाची पूड टाकली आणि वैनीला म्हणाला, “अगं ए, पाणी घाल. थेंब थेंब.”

ती तांब्या घेऊन बसली. तो फिरवत होता, दाब न देता, नुसता ड्रिलचा भार काचेवर ठेवून. आवाज असा की दातांच्या मुळात शिरायचा. आळ्यातलं पाणी हळूहळू दुधासारखं पांढरं झालं; ती काचेची पूड. वैनी चमच्यानं तो चिखल काढून टाकायची, नवं पाणी घालायची. दादा थांबायचा, घाम पुसायचा, नळी उचलून बघायचा. मध्येच तो काहीतरी पुटपुटला आणि वैनी हसली. मी उंबऱ्यावर होते. लग्न झाल्यापासून ती दोघं दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, एकमेकांच्या इतकी जवळ बसलेली मी पहिल्यांदा बघत होते. त्या सोप्यात, त्या वासात, मला तेवढीच एक गोष्ट चांगली बघितल्याची आठवते.

आप्पा येरझाऱ्या घालत होते. “आरं, लोकंडाला भोक पाडाय लागत न्हाई एवडा येळ. जरा जोर लाव की.”

“जोर लावला तर काच जाईल, आप्पा.”

“काच हाय का नवरीमुलगी?”

ऊन दारातून आत येऊन परत मागं फिरलं तेव्हा आवाज बदलला. दादानं हात आणखी हलका केला, आणि काचेची गोल टिकली आत पडली. कडा एकदम सारखी, कुठं टवका नाही. वैनीनं बोट घालून बघितलं. “आर्र, बांगडीगत!” ती म्हणाली. दादा इतका खूश झाला की आप्पांच्या देखत तो तिच्या हातातला तांब्या घेऊन गटागटा पाणी प्यायला.

मग भोकातून पाइपाचा तुकडा, दोन्ही बाजूंनी रबराच्या चकत्या, बाहेरून नट, पाइपाच्या पेचांवर गळू नये म्हणून सफेदा लावलेलं सूत, पुढं पितळी तोटी. दादानं नट हातानंच आवळला. टाकी उभी केली, बादल्यांतलं जुनं पाणी ओतलं, वर नवं घातलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. नटाच्या खाली एक थेंब जमला. बराच वेळ लोंबला आणि पडला. दुसरा जमायला लागला.

“गळतंय,” आप्पा म्हणाले.

“रबर बसलं की थांबतंय. उद्या बघू.”

“उद्या काय? फिटर लोकांची हीच बोंब.” आप्पांनी कोपऱ्यातला पान्हा घेतला.

“आप्पा, काच हाय. बास.”

“एक आटा अजून.”

वैनी पुढं झाली. मामंजींच्या समोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. “मामंजी, ऱ्हाऊ द्या. गळू द्या की. मी खाली वाटी ठेवतो.” आप्पांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पान्हा लावला, दंडाची शीर ताठ झाली, आणि टच् असा एवढासा आवाज आला. हरभरा फुटावा तसा. भोकापासून एक रेघ वर गेली, एक आडवी, आणि मागची काच कोसळलीच. सगळं पाणी एकदम सोप्यात. पैलवान अजून टबात होता, तेवढा वाचला. आठवड्याचं, काळजाचं, सायीचं पाणी. सतरंजीखाली, पलंगाखाली, उंबरा ओलांडून माझ्या पायांवर. दादाच्या मेहनतीचा अख्खा दिवस त्यात वाहून गेला. आप्पा पान्हा हातात धरून उभे होते आणि पहिलं वाक्य त्यांनी काढलं ते असं, “बाळ्या, बायकोच्या नादानं चांगल्या टाकीचं वाटोळं केलास.”

 दादानं बोलायला हवं होतं. बाहेर जाऊन चप्पल घालून तो निघून गेला. सोपा वैनीनं पुसला. पोटामुळं वाकता येत नव्हतं, म्हणून ती बसून सरकत सरकत पुसत होती आणि फडकं पिळताना तोंड बाजूला करत होती. मला वाटतं मी एखादी बादली ओतली असेल. नक्की आठवत नाही, म्हणजे बहुतेक नाहीच.

आप्पांनी नवी काच बसवून आणली, भोकाशिवाय. भोकाचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलं, कुणी न ठरवता. नळी खिळ्यावर परत आली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी वैनी नळी धुवायला परसातल्या नळावर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा दोन्ही हातांत नळीची दोन टोकं, दोन्हींवर अंगठे दाबलेले, आणि नळी मध्ये सापासारखी लोंबत होती. नळाखाली धरून तिनं ती पाण्यानं काठोकाठ भरली होती. एक टोक टाकीत बुडवून अंगठा काढला, दुसरं खाली बादलीशी नेलं आणि अंगठा काढला. पाणी सुरू झालं. तोंड कुठंच लागलं नाही. ती स्वतःच चकित होऊन बादलीकडं बघत राहिली. “आत्याबाई, बगा की! आपसूक आलं!”

आई आली, मी आले. आप्पा पलंगावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “व्हय की. तसं येतंयच. कारखान्यात ब्यारलातलं डिझेल आमी तसंच काढतो. नळी डिझेलात बुडवून भरायची, अंगठा लावायचा.”

दादा दारात होता. “म्हंजे तुमास्नी ठावं व्हतं?”

“तुला न्हवतं व्हय? तूबी काढलाईस की.”

दादाचं तोंड उतरलं. त्यालाही ठाऊक होतं. कारखान्याच्या फाटकाच्या आत ठाऊक होतं.

“मग पयलंच सांगायचं की आप्पा,” मी म्हणाले. “तोंडानं कशापायी ओढायला लावलं?”

“कुनी इचारलं व्हतं? आनि डिझेल काय तोंडात घेतंय व्हय कोन? मरंल की मानूस.” असं म्हणून ते हसले. आई हसली. दादाही थोडा हसला. आप्पा वाईट माणूस नव्हते. ते कामगारांचा जीव सांभाळत होते. इतकी वर्षं मी त्यांचं ते डिझेलचं वाक्य मनात फिरवून बघते आहे आणि प्रत्येक वेळी ते तितकंच सरळ, तितकंच विनोदी, आणि ती चव परत जिभेवर.

पण ज्या किळसेसाठी मी हे लिहायला बसले ती आप्पांची नव्हे. इथवर मी एक गोष्ट टाळली. वैनी लग्न होऊन आली तेव्हा पुरुष जेवून उठल्यावर आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. तिच्यामुळं मी तिची भाजी, तिचं दही-कांदा खायला शिकले. तिनं नळी पहिल्यांदा तोंडात धरली त्या दिवशी मी माझं ताट वेगळं घेतलं. तिच्या हातचा घास नको झाला, तिनं तोंड लावलेला पेला मी राखेनं घासून घ्यायची, ती बोलताना जवळ आली की मी श्वास धरायची. तेच पाणी वर्षभर माझ्या तोंडात होतं. माझ्या तोंडाची मला कधी किळस आली नाही. सांगायला अभ्यासाचं कारण होतं, लवकर जेवून वाचायला बसायचंय, आणि मला वाटत होतं की ते खपलं.

वैनीनं अंगठ्यानं पाणी काढलं त्या दुपारी पुरुष जेवून उठले. वैनीनं भाकरीची बुट्टी ओढली आणि ताट मांडलं, मोठं, एकच. त्यात वांग्याची भाजी वाढली, कडेला मीठ ठेवलं. माझ्याकडं बघून ती हसली.

“या की वन्सं, एका ताटात बसू. आता तोंडात घेत न्हाई मी ते.”

आई चुलीपाशी भांडी आवरत होती. तिनं वळून बघितलं नाही. 

“मला भूक न्हाई,” मी म्हणाले.

 वैनीनं भाकरी मोडली, अर्धी ताटात माझ्या बाजूला ठेवली आणि आपल्या बाजूची खाऊ लागली. मी दाराची चौकट धरून उभी होते. जायचं होतं तर जाता आलं असतं, बसायचं होतं तर पाट समोरच होता. तिची अर्धी संपली. ती थोडा वेळ थांबली, पाणी प्यायली, पेला स्वतःच उचलून मोरीकडं सरकवला. मग माझ्या बाजूची अर्धी उचलली आणि तीही खाल्ली, सावकाश, मान खाली घालून, ताटात काही राहू न देता.